सासूबाईंचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, पुढचं फॉलोअप सिस्टर फोनवर घेणार म्हणतायत. चालेल का असं?

हापूसवाडीची_सून
१४ मे, रात्री १०:५०

नमस्कार, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यातले. सासूबाई ५८ च्या. गेल्या वर्षी डाव्या बाजूला ब्रेस्टमध्ये गाठ निघाली, आधी केमो झाली, मग मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन (ब्रेस्ट पूर्ण काढलं आणि काखेतल्या गाठीपण), मग रेडिएशन, असं करत करत फेब्रुवारीत सगळं संपलं. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी, पाच वर्षं घ्यायची म्हणालेत.

आता मुद्दा. मागच्या खेपेला चेकअपला गेलो तर सकाळी सातला नंबर लावला, दुपारी अडीचला आत घेतलं, डॉक्टरांनी जखमेची जागा बघितली, काख, मान, दुसरी बाजू चाचपली, छान आहे म्हणाले, चार मिनिटांत बाहेर. त्यांना दोष नाही देत, बाहेर शंभर माणसं बसलेली. पण त्या चार मिनिटांसाठी आमची कणकवलीहून रात्रभर ट्रेन, मिस्टर डोंबिवलीला असतात त्यांची एक रजा, आणि आईंना प्रवासाचा त्रास होतो तो वेगळाच. बाहेर आल्यावर तिथल्या एका सिस्टरने आम्हाला बसवून घेतलं, पाऊण तास बोलली. तीच म्हणाली की आता डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी या, मधल्या तीन महिन्यांच्या भेटी मी फोनवर घेईन, वर्षातून एकदा मॅमोग्राफी (ब्रेस्टचा एक्सरे), आणि मध्ये काही वाटलं तर हा नंबर.

मला बरं वाटलं खरं तर. पण घरी आल्यावर चुलत सासरे म्हणतात नर्सवर सोडलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं, डॉक्टर पैसेवाल्यांना बघणार आणि आपल्याला नर्स. त्यांचं म्हणणं दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (कॅन्सर कुठे पसरलाय का ते बघायचा अख्ख्या अंगाचा स्कॅन) करून घ्या, पैसे मी देतो. देतीलही, मनाने चांगले आहेत. मिस्टर पण आता डळमळलेत. आई स्वतः म्हणतात सिस्टरच बरी, डॉक्टराक येळ खंय असता.

कोणाचा असा अनुभव आहे का, सिस्टरने फॉलोअप घेतलेला? काही निसटतं का त्यात? प्लीज सांगा.

ता.क. अजून एक, हे मी सिस्टरला पण अजून सांगितलेलं नाही. आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत लक्षात आलं की आईंच्या डाव्या हातातल्या बांगड्या संध्याकाळी रुततात, सकाळी परत सैल. विचारलं तर म्हणाल्या उन्हानं होता तसा. खरंच उन्हाने होतं का?

---

कुडाळची_मावशी
१४ मे, रात्री ११:३५

अगो बाय, झोपायला चाललेले पण तुझं वाचून उठून बसले.

मला सहा वर्षं झाली. माझी पण डावीच बाजू. ४४ ची होते तेव्हा, पाळी चालू होती, म्हणून मला टॅमोक्सिफेनची हार्मोनची गोळी होती. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी घरी सोडलं ते नळीसकट. काखेतून नळी आणि तिला तो चेपलेला बल्ब, त्यात लालसर पाणी साठणार, ते रोज मापाच्या भांड्यात ओतून किती एमएल झालं ते वहीत लिहायचं. मी तो बल्ब नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून घरभर हिंडायची, शेजारीण म्हणाली ह्या काय मोबाईल नवीन. सिस्टरने सांगितलेलं की २४ तासांत ३० च्या खाली आलं, तेही सलग दोन दिवस, की मला फोन कर. रोज संध्याकाळी मी आकडा सांगायची, ८०, ६५, ६५, ५०, एकदम परत ९०, त्या दिवशी मी रडले तर ती हसून म्हणाली काय कपडे धुतलेत का आज? धुतले होते!! तिला कसं कळलं देव जाणे. नळी पुढे आमच्या कुडाळच्या सर्जनने काढली, तिने त्यांना फोन करून सांगितलेलं, त्यासाठी मुंबईला जावं नाही लागलं.

आणि गं, जे डॉक्टरांना सांगताना जीभ उचलत नाही ते तिला सांगता येतं. ब्लाऊज एका बाजूला वर चढतो, देवळात पदर सारखा सारखा ओढते, आरशात बघवत नाही, नवरा लांब झोपतो की मीच लांब झोपते ते कळत नाही. हे मी पुरुष डॉक्टरला चार मिनिटांत सांगणार होय? ब्रामध्ये घालायला कापसाचं शिवून घ्यायचं, पुढे सिलिकॉनचं मिळतं, हे पण तिनेच सांगितलं. आणि टॅमोक्सिफेनवर असताना मध्येच अंगावरून गेलं तर लपवायचं नाही लगेच कळवायचं, हे तिने तीनदा बजावलेलं. मला एकदा गेलं. मी आठ दिवस लपवलं, मग सांगितलं. सोनोग्राफी झाली, काही नव्हतं, पण ओरडा खाल्ला तो खाल्लाच.

बांगड्यांचं उन्हाने नाही होत. उद्याच्या उद्या सिस्टरला सांग.

---

संकासुर
१५ मे, सकाळी ७:१०

गोडगोड चाललंय म्हणून थोडं कडू.

आमचे वडील, तोंडाचा कॅन्सर, तंबाखू अर्थात. जबडा कापला, नाकातून नळी घालून घरी सोडलं. आम्हालापण नर्सचा नंबर दिला होता, काही लागलं तर फोन करा. आठव्या रात्री झोपेत त्यांच्या हातून नळी ओढली गेली. फोन लावला, बंद. सकाळी लावला, रिंग जाते कोणी उचलत नाही. दुपारी दुसऱ्या कुणीतरी उचलला की त्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डला बदली झाली, तुम्ही ओपीडीला या. ओपीडी ३०० किलोमीटरवर!! माणूस दीड दिवस उपाशी. शेवटी चिपळूणला एका ईएनटीवाल्याने घातली.

त्यामुळे माझं म्हणणं असं की सिस्टर कितीही चांगली असू दे, तिच्या पाठीमागे कोण उभं आहे ते विचारा. ती रजेवर गेली तर कोण? तिने फोनवर ऐकून ठरवलं की बघायला पाहिजे, तर त्याच आठवड्यात डॉक्टरचा नंबर तिला लावता येतो का, की परत तुम्ही सातला रांगेत? नाहीतर हॉस्पिटलला गर्दी कमी करायचीय आणि त्याला फॉलोअप असं गोंडस नाव दिलंय, बाकी काही नाही.

---

निवृत्त_सिस्टर_रत्नागिरी
१५ मे, दुपारी ३:२०

३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची बरीच सर्जरीत, म्हणून लिहिते. हापूसवाडीच्या सूनबाई, आधी तुमचं ता.क., कारण मूळ प्रश्नापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

काखेतल्या गाठी काढल्या आणि वर रेडिएशन झालं की हातातलं पाणी परत वर न्यायचे रस्ते कमी होतात. मग ते हातात साचतं. त्याला लिम्फेडीमा म्हणतात. संध्याकाळी सूज सकाळी नाही, ही त्याची सुरुवातीची पायरी, आणि ह्याच पायरीवर धरलं तर हात आटोक्यात राहतो, पुढे तो कडक झाला की फार जड जातं. टेलरची टेप घ्या, कोपराच्या घडीपासून १० सेंटीमीटर वर आणि १० खाली खूण करा, दोन्ही हात मोजा, वहीत लिहा. दोन सेंटीमीटर किंवा जास्त फरक म्हणजे लक्ष द्यायलाच हवं, पण कमी असला तरी बांगडी रुततेय हे पुरेसं आहे सांगायला. आणि हे माझ्यावर किंवा मावशींवर विसंबून सोडू नका. नवीन आलेली सूज कोणीतरी हात लावून बघायलाच हवी, काखेत परत काही नाही ना, शिरेत गुठळी नाही ना, ते फोनवर नाही कळत. अचानक सुजला आणि दुखतोय, किंवा लाल गरम झालाय आणि थंडी ताप आहे, तर मग सिस्टर नाही मुंबई नाही, जवळचा डॉक्टर त्याच दिवशी.

आता आंबा. पेट्या भरताना हापूसचा चीक डाव्या हातावर उडू देऊ नका. चिकाने कातडी भाजते, आणि त्या हाताला बारीकशी जखमसुद्धा महागात जाते, जंतू शिरले की हात टम्म. आंबे काढताना उतरवताना लांब बाहीचा जुना शर्ट आणि हातमोजा. मासे साफ करताना तेच, कोलंबीचं टोक टोचलं, माशाचा काटा गेला म्हणून अॅडमिट झालेल्या बायका मी बघितल्यात. नारळ खवायला हरकत नाही, पण दोन पायल्यांचे मोदक एकटीने नाही. हात अजिबात वापरायचाच नाही हे जुनं झालं, हळूहळू वाढवत वापरायचा, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सोडायचा नाही. बीपी, इंजेक्शन, रक्त शक्यतो उजव्या हाताला.

तुमच्या चुलत सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की काही तक्रार नसताना दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करायचा असं कुठल्याही मार्गदर्शक नियमात नाही. हाडांचा बोन स्कॅन नाही, ट्यूमर मार्करच्या (कॅन्सरची खूण शोधायच्या) रक्ताच्या तपासण्या पण नाहीत. पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी विचारपूस आणि हाताने तपासणी, दुसऱ्या बाजूची वर्षातून एकदा मॅमोग्राफी, हे खरं फॉलोअप. स्कॅनचे पैसे द्यायचेच असतील तर हाडांची घनता मोजून घ्या, लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात, आणि गुडघे बोटं सकाळी आखडतात. आखडतात म्हणून बायका न सांगता गोळी बंद करतात, हे मी सगळ्यात जास्त बघितलं. डॉक्टर विचारतात गोळी चालू आहे ना? बाई म्हणते हो. मी विचारायची पाकीट दाखव बघू.

संकासुरांच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं बरोबर आहे. एकच सांगते, नाकातली नळी घरी सोडताना तीन गोष्टी शिकवायच्या असतात, नाकाजवळ नळीवर खूण कुठे आहे ती रोज बघणं, पेज किंवा नाचणीचं पातळ घालताना आणि नंतरही बसतं ठेवणं, आणि नळी बाहेर आली तर घरी परत ढकलायची नाही, कुठल्या जवळच्या डॉक्टरकडे जायचं त्याचं नाव कागदावर. ते शेवटचं तुम्हाला कोणी दिलं नाही. नर्स होती पण ती एकटी होती.

---

संकासुर
१५ मे, रात्री ९:०५

पेज घालायला शिकवलं होतं. नाव नव्हतं दिलं. बरोबर.

---

चिपळूण_ते_लीड्स
१६ मे, रात्री १२:४०

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची चिपळूणची, रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये लिहितेय म्हणून तुटक वाटेल.

इथे कॅन्सरच्या बहुतेक पेशंटना एक ठरलेली स्पेशालिस्ट नर्स असते. सर्जन बदलतो, ज्युनियर डॉक्टर तर दर काही महिन्यांनी बदलतात, नर्स तीच राहते, त्यामुळे पेशंटची सगळी कथा तिला तोंडपाठ. १९७५ पासून मॅकमिलन नर्स (मॅकमिलन ह्या कॅन्सरच्या संस्थेने सुरू केलेल्या) नावाचा प्रकार आहे, आता इतका रुळलाय की नर्सने का बघितलं असं कोणी विचारत नाही, उलट डॉक्टर आला की पेशंट घाबरतो काय झालं म्हणून :)

निसटतं का, ह्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. २००९ साली बीएमजे ह्या इथल्या डॉक्टरांच्या मासिकात ह्याच विषयावर एक अभ्यास छापून आला. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपलेल्या ३७४ बायका, अर्ध्या नेहमीसारख्या हॉस्पिटलात जायच्या, अर्ध्यांना ब्रेस्ट केअर नर्स ठरलेल्या वेळी फोन करायची. मॅमोग्राफी दोघींकडे चालूच. फोनवाल्या बायकांची चिंता वाढली नाही, आणि कॅन्सर परत आल्याचं त्यांना उशिरा कळलं असंही दिसलं नाही. पण त्या बायका परत होण्याचा धोका कमी किंवा मध्यम असलेल्या होत्या, त्यामुळे सासूबाई कुठल्या गटात बसतात ते त्यांच्या डॉक्टरला विचारा, कारण तुमच्याकडे केमो आधी दिलीय म्हणजे गाठ किती होती मला माहीत नाही.

आणि हे पण कबूल करते की इथे नर्सला शंका आली तर ती त्याच आठवड्यात क्लिनिकमध्ये बोलावते आणि पेशंट बसने वीस मिनिटांत येतो. देवगडहून तसं नाही. म्हणून जवळचा दुसरा हात पाहिजे, कणकवलीचा सर्जन चालेल, गोव्याला बांबोळीला मेडिकल कॉलेज आहे, आमच्याकडे चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलात कॅन्सर विभाग आहे. ऑपरेशनचे कागद, पॅथॉलॉजी रिपोर्ट, रेडिएशनचा कागद, सगळ्याचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, नाहीतर जवळचा डॉक्टर पण काय करणार.

फोन येईल तेव्हा आईंना स्वतः बोलू द्या. आपण सुना मुली मध्ये पडतो आणि सगळं ठीक आहे हो सिस्टर असं सांगून टाकतो. माझ्या पेशंटच्या घरचे रोज करतात हे.

---

कुडाळची_मावशी
१६ मे, सकाळी ८:१५

ही शेवटची ओळ छापून फ्रिजवर लावा.

आणि रेल्वेचं कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते, कॅन्सर पेशंटला चेकअपला जातानासुद्धा स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला पाऊण सवलत. हॉस्पिटलचा फॉर्म सही शिक्क्यासकट लागतो. आम्ही पहिले दोन वर्षं भरतच होतो येड्यासारखे.

---

हापूसवाडीची_सून
७ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप खूप आभार, उशीर झाला, आंबा संपेपर्यंत हात मोकळा नव्हता, आणि मग एकदम पाऊस, दोन दिवस लाईट नव्हती.

त्याच आठवड्यात टेपने मोजलं. कोपराच्या खाली दीड, वर दोन सेंटीमीटरला जरा कमी फरक. सिस्टरला फोन केला. खरं सांगू का मला वाटलेलं ती फोनवरच काहीतरी क्रीम नाहीतर गोळी सांगेल. ती म्हणाली बांगडीचं मी फोनवर नाही सोडवणार, हात लावून बघायला हवं. आणि मग विचारलं मुंबईला यायला जमेल का की तिकडे कोणी सर्जन आहे. कणकवलीच्या सर्जनचं नाव सांगितलं, तिने रिपोर्ट मागवले, वर तिचे स्वतःचे दोन मुद्दे लिहून पाठवले की काख आणि मान बघा, डॉप्लर (शिरेत गुठळी आहे का ते बघायची सोनोग्राफी) करून घ्या. संकासुरदादा, तुमचा प्रश्न पण विचारला हो तिला, तुम्ही रजेवर गेलात तर कोण? गप्प बसली जरा. मग दुसऱ्या एका सिस्टरचा नंबर दिला आणि म्हणाली हे आधीच द्यायला हवं होतं, माझं चुकलं.

काखेत काही नाही. गुठळी नाही. लिम्फेडीमाची सुरुवात म्हणाले. आता घट्ट बाहीसारखी स्लीव्ह दिवसभर घालायची, रात्री काढायची, आणि फिजिओच्या बाई हलक्या हाताने मसाज शिकवून गेल्या.

खरी गंमत पुढे. सिस्टरचा ठरलेला फोन परवा आला. मी फोन आईंकडे दिला आणि बाहेर पडवीत जाऊन बसले, चिपळूणताईंनी सांगितलेलं म्हणून. पंचवीस मिनिटं. खोकला आहे का, पाठ कंबर दुखते का, वजन, भूक, डोकं, असं ओळीने विचारत होती वाटतं, कारण आतून आईंचं नाय, नाय, नाय ऐकू येत होतं. मग एकदम आवाज बारीक झाला. नंतर कळलं की त्या एप्रिलपासून गोळी एक दिवसाआड घेत होत्या, बोटं आखडतात म्हणून, पेट्या बांधता येत नव्हत्या. मी रोज विचारायची आई गोळी घेतली ना? हो म्हणायच्या. एक दिवसाआड खरंच घेत होत्या म्हणजे खोटं पण नाही! मी म्हटलं मला का नाही सांगितलं, तर म्हणाल्या, तू घाबारतलंस, त्या सिस्टरीक सांगलंय मी. आता सिस्टर डॉक्टरांशी बोलून गोळीची कंपनी बदलायची की दुसरी गोळी द्यायची ते कळवणार आहे, तोपर्यंत रोज घ्यायची असं कबूल करून घेतलंय. हाडांची तपासणी पण सांगितलीय, चुलत सासऱ्यांना म्हटलं पेट स्कॅनचे पैसे ह्याला द्या, दिले. अजून त्यांना पटलेलं नाही पण.

आता एकच अडचण. ती स्लीव्ह रोज धुवायला लागते आणि ह्या पावसात वाळतच नाही, ओली घालून चालत नाही म्हणाले. काय करता तुम्ही लोक?

---

कुडाळची_मावशी
७ जून, रात्री ९:४५

दोन घे गो. एक हातात एक दांडीवर. आणि चुलीच्या वर वाळत घालू नको, इलॅस्टिक जाता, माझी पहिली तशीच गेली.

---

निवृत्त_सिस्टर_रत्नागिरी
७ जून, रात्री १०:०५

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, पिळायची नाही, मग पंख्याखाली. आणि तीनचार महिन्यांनी सैल वाटली तर परत माप घ्यायला सांगा, तीच ओढत बसू नका. बांगड्या डाव्या हातातल्या सध्या काढून ठेवलेल्या बऱ्या. त्या ऐकणार नाहीत, मला माहिती आहे, तरी सांगून ठेवते.

---

हापूसवाडीची_सून
७ जून, रात्री १०:२०

दोन उजव्या हातात चढवल्यात त्यांनी आधीच. एक डावीकडे ठेवलीय, सैल, काढत नाहीत. सिस्टरने मान्य केलंय म्हणतात.